बारा नंबरचे ठोके

मुलुंडला डोंगराच्या पायथ्याशी जी वस्ती आहे, तिथल्या भटक्या कुत्र्यांना रतन खरातची वेळ पाठ होती. संध्याकाळी सहाच्या सुमारास तो चढणीला लागला, की रिक्षास्टँडपाशी पसरलेली कुत्री एकेक करून उठायची. भुंकायची नाहीत, गुरगुरायची नाहीत. शेपटी पायात घालून, भिंतीला अंग घासत गल्लीत शिरायची आणि तो वळणाआड गेला की परत आपापल्या जागी येऊन पडायची.

"रतनभाऊ, बिबट्या खाली उतरला तरी ही एवढी घाबरत नाहीत," पानवाला म्हणायचा. "खाता काय हो तुम्ही?"

"बायकोच्या हातचं," असं म्हणून रतन पुढे जायचा.

हसण्यावारी नेलं तरी त्याला ते टोचायचं. कामावरून निघताना तो साबण लावून दोनदा आंघोळ करी, कपडे बदली, तिथले बूट तिथेच ठेवी. तरी काहीतरी अंगाला चिकटून घरापर्यंत येत होतं. माणसांना ते कळत नसे. कुत्र्यांना कळे.

रतन एका औषध संशोधन संस्थेत अठ्ठावीस वर्षं नोकरीला होता. संस्थेच्या मागच्या बाजूला, मुख्य इमारतीतून न दिसणारी एक बैठी इमारत होती. तिला सगळे प्राणीगृह म्हणत. पुढच्या भागात उंदीर, मग ससे आणि शेवटच्या लांबट खोलीत कुत्री. बीगल जातीची, लांब कानांची, पांढऱ्या अंगावर मोठे काळे-तपकिरी डाग असलेली. प्रत्येकाच्या कानाच्या आत नंबर गोंदलेला. नवं औषध माणसाला देण्याआधी या कुत्र्यांना द्यायचं आणि त्यांचं हृदय, श्वास, रक्तदाब काय करतो ते बघायचं, असं तिथलं काम. रतनने त्यांना खाऊ घालायचं, स्वच्छ ठेवायचं आणि प्रयोगासाठी तयार करायचं.

हे तो कुणाला सांगत नसे. वस्तीत सगळ्यांना "लॅबमध्ये आहे" एवढंच ठाऊक होतं. त्याची बायको शांताबाई बायकांमध्ये "औषधाच्या कंपनीत" म्हणायची आणि लगेच दुसरा विषय काढायची.

तसा तो दिसायला अगदी साधा. बुटका, पाठीत जरा वाकलेला, सत्तावन्न वर्षांचा. लक्षात राहावेत ते त्याचे हात. पंजे रुंद, बोटं आखूड, नखं दर रविवारी मुळापर्यंत कापलेली. थंडीच्या दिवसांत कुत्र्यांच्या खोलीत शिरण्याआधी तो चहाचा ग्लास दोन्ही तळव्यांत धरून उभा राही. चहा पिण्याची त्याला घाई नसे. हात गार असला की कुत्रं दचकतं, म्हणून आधी हात ऊन करून घ्यायचे.

या हातांनीच त्याला ही नोकरी मिळाली होती. मेहकरकडच्या गावातून मुंबईला आला तेव्हा तो संस्थेत फरशी पुसायला होता. त्या काळी कुत्र्याला कापडाच्या झोळीत ठेवत. झोळीला चार भोकं, त्यातून चार पाय खाली लोंबायचे आणि छातीला तारा लावायच्या. एकदा एक कुत्रं इतकं थरथरत होतं, की यंत्रातून निघणाऱ्या कागदावर काट्याने नुसता रेघांचा गुंता केला. दोन माणसांनी त्याला आवळून धरलं, तसं ते जास्तच बिथरलं. कोपऱ्यात फरशी पुसणाऱ्या रतनला राहवलं नाही. फडकं बादलीत टाकून तो पुढे आला, हात पुसले आणि कुत्र्याच्या पुढच्या पायामागे, बरगड्यांवर तळवा ठेवला. काही बोलला नाही. चार मिनिटांत ठोके एकशे सत्तरचे नव्वदवर आले.

त्या विभागाच्या प्रमुखांना सगळे मोठे सर म्हणत. त्यांनी कागद पाहिला, मग रतनकडे पाहिलं.

"नाव काय रे तुझं?"

"रतन."

"हे बघ रतन, घाबरलेल्या कुत्र्याचा आकडा हा भीतीचा आकडा असतो, औषधाचा नव्हे. तू आधी भीती काढ. मग मी आकडा घेतो."

दुसऱ्या दिवसापासून फडकं दुसऱ्याच्या हातात गेलं. आणि सरांचं ते वाक्य रतनने मनात असं ठेवलं, जसं शाळेतलं एखादं पाठांतर जन्मभर राहतं. नववीनंतर शाळा सुटलेल्या माणसाला एवढ्या मोठ्या डॉक्टरने काहीतरी शिकवलं होतं. त्या वाक्यावर त्याने बावीस वर्षं काम केलं.

पुढे मोठे सर निवृत्त झाले. झोळ्या गेल्या, जॅकेटं आली. कुत्र्याच्या अंगावर जॅकेट चढवायचं, आतले ठोके टिपणारे तुकडे छातीला चिकटवायचे आणि कुत्रा आपल्या जागेत मोकळा. ठोके हवेतूनच बाजूच्या खोलीतल्या कॉम्प्युटरवर जायचे. तीन वर्षांपूर्वी डॉ. दीप्ती राणे आल्या. पस्तिशीच्या, हुशार, कामाला वाघ. त्यांनी नवा नियम सांगितला : औषध दिल्यापासून चार तास आत कोणी जायचं नाही. रतनने "हो मॅडम" म्हटलं. नियम कशासाठी, हे त्याने विचारलं नाही, त्यांनी सांगितलं नाही. त्याची समजूत अशी झाली, की आता यंत्रं चांगली आली, माणसाची तेवढी गरज उरली नाही. रोज संध्याकाळी एका छापील इंग्रजी कागदावर तो सही करायचा. त्यावर काय लिहिलंय हेही त्याने कधी विचारलं नव्हतं.

त्या वर्षी जानेवारीत एक नवं औषध आलं. त्याला नाव नव्हतं, नुसता आकडा होता. कुत्री चार : आठ, नऊ, बारा आणि चौदा नंबर. पहिल्या आठवड्यात लहान मात्रा, दुसऱ्यात मधली, तिसऱ्यात मोठी. हे या चौघांचं शेवटचं काम होतं. ते झालं की एका प्राणीमित्र संस्थेमार्फत चौघेही घरोघरी दिले जाणार होते. तशी मंजुरी आली होती, यादी फळ्यावर लागली होती.

बारा नंबर पाच वर्षांचा होता. डाव्या डोळ्याभोवती तपकिरी डाग. रतन आत आला की तो आपली स्टीलची वाटी तोंडात धरून पुढे यायचा, भरलेली असो की रिकामी.

पहिले दोन आठवडे चौघे औषध घेऊन झोपून राहिले. तिसऱ्या आठवड्यात, मोठ्या मात्रेच्या पहिल्या दिवशी, अर्ध्या तासाने दाराबाहेर रतनला कण्हल्याचा आवाज आला. तो थांबला. आवाज वाढला. पंजे दारावर घासू लागले. रतनने आत जाऊन पाहिलं, तर बारा नंबर उभ्या जागी थरथरत होता, जीभ बाहेर, डोळे मोठे झालेले. रतनने त्याच्या बरगड्यांवर हात ठेवला. तळव्याखाली ठोके मोजता येत नव्हते, इतके जलद. जणू आत काहीतरी सुटायला धडपडत होतं.

घाबरलेल्या कुत्र्याचा आकडा भीतीचा. आधी भीती काढ.

तो तिथेच बसला. एका हाताखाली बारा, दुसऱ्या हाताखाली आळीपाळीने बाकीचे तीन. थोड्याच वेळात ठोके उतरले. दीड तासाने तो बाहेर आला. पुढचे दोन दिवसही त्याने तेच केलं. आपण काम चोख केलं, असंच त्याला वाटत होतं.

तिसऱ्या आठवड्याचे आकडे बघून दीप्ती मॅडमनी अहवाल लिहायला घेतला. मोठ्या मात्रेला ठोके किंचित वाढतात, काळजीचं कारण नाही. औषध पुढे न्यायला हरकत नाही. शुक्रवारी अहवाल वरती जायचा होता.

सोमवारी अंधेरीच्या एका कॉलेजातल्या चार मुली प्राणीगृह बघायला आल्या. मॅडम त्यांना काचेबाहेरून कुत्री दाखवत होत्या. रतन शेजारीच पाण्याच्या वाट्या धूत होता.

"एक गंमत लक्षात ठेवा," मॅडम म्हणाल्या. "माणूस नुसता खोलीत शिरला तरी कुत्र्याचे ठोके बदलतात. अनोळखी आला तर चढतात, ओळखीचा आला तर उतरतात. ओळखीच्या माणसाने हात ठेवला तर तीस-चाळीसनेसुद्धा उतरतात. म्हणजे समजा, औषधाने ठोके भयंकर वाढवले, पण कोणी हात ठेवून बसलं, तर आपल्याला ते कळणारच नाही. आपण औषध चांगलं म्हणून माणसाला देऊन मोकळे. म्हणून नोंद चालू असताना आत कोणी नाही. आमचे रतनदादासुद्धा नाहीत. काय रतनदादा?"

"हो मॅडम," रतनच्या तोंडून निघून गेलं.

मुली हसल्या, पुढे गेल्या. रतन नळाखाली वाटी धरून उभाच राहिला. वाटी भरून पाणी मनगटावरून कोपरापर्यंत आलं, बाही भिजली, तरी त्याला कळलं नाही.

त्या दिवसापासून त्याला जी भीती बसली, ती आयुष्यात पूर्वी कधी बसली नव्हती. मुंबईत आला तेव्हा वाटली होती ती उपाशी राहण्याची भीती होती. तिच्यावर काम शोधणं हा उपाय होता. हिच्यावर उपाय दोनच, आणि दोन्ही तितकेच वाईट. सांगितलं, तर चाचणी परत होणार. बारा नंबरला तीच मोठी मात्रा परत द्यावी लागणार, आणि या वेळी हाताशिवाय. त्याचं हृदय बिघडलं, तर नियमाप्रमाणे त्याला कायमचं झोपवून, उघडून बघणार. नाही सांगितलं, तर शुक्रवारी कागद वर जाणार, आणि कधीतरी कुठेतरी एखादा माणूस ती गोळी गिळणार.

 बसमध्ये बसला की पुढच्या माणसाच्या मानेवरची उडणारी शीर त्याला दिसू लागे आणि तो नकळत मोजू लागे. जेवताना घास हातात तसाच राही.

"काय झालंय तुम्हाला?" शांताबाईंनी विचारलं.

"काही नाही. पित्त झालंय."

"पित्त झालेला माणूस दर घडीला हात बघत बसतो होय?"

मंगळवारी संस्थेला सुट्टी होती. दुपारी जेवायला घाटकोपरहून विकी आला. विकी म्हणजे रतनच्या बहिणीचा मुलगा, चोवीस वर्षांचा, कधी पार्सल पोचवायचा, कधी मांडववाल्याकडे काम करायचा. आणि मधून मधून पैशांसाठी औषधांच्या चाचणीला जाऊन राहायचा. धडधाकट माणसांना घेतात ना, तसा. रतनला ते ठाऊक होतं. आजवर त्याने त्याचा फारसा विचार केला नव्हता.

"विकी, तिथे काय करतात रे तुम्हाला?"

"कुठे? ते गोळीवालं? काही नाही मामा, झकास असतं. एसी असतो, टीव्ही असतो. गोळी घ्यायची, पडून राहायचं. छातीला वायरी लावतात. रक्त काढून काढून तेवढी चाळण करतात हाताची."

"आणि घाबरायला झालं तर?"

"मी? मी कशाला घाबरू?"

"समज, छाती धडधडायला लागली. तर कोण असतं जवळ?"

"नर्स असते ना. पण ती काय जवळ बसते होय, मोबाइल बघते." विकी हसला. "आणि कागदावर लिहिलेलं असतं ना मामा, आधी जनावरांवर तपासलंय म्हणून. मग काय टेन्शन? ती जनावरं टेन्शन घेतात आपल्या वाटणीचं."

"इकडे ये जरा."

"काय?"

रतनने त्याच्या शर्टावरून छातीवर डावीकडे तळवा ठेवला.

"ओ मामा! गुदगुल्या होतात यार! मामी, बघ गं, मामाला काय झालं!"

"गप बस एक मिनिट."

बहात्तर. सरळ, तरणे, निर्धास्त ठोके. रतनला तळव्याखाली बारा नंबरचे ठोके आठवले आणि त्याने विस्तवाला लागल्यासारखा हात मागे घेतला.

"पुन्हा बोलावलंय का तुला?"

"पुढच्या महिन्यात. कुठलंतरी नवीन आहे, पहिल्यांदाच माणसाला देणार म्हणे. नाव नाही, नुसता नंबर आहे."

ते हे औषध नव्हतं, हे रतनला कळत होतं. हे एवढ्या लवकर माणसापर्यंत जाणार नव्हतं. पण पुढच्या वर्षी हेच असेल. आणि तेव्हा विकी नसला, तर कुणाच्यातरी दुसऱ्या बहिणीचा मुलगा असेल.

बुधवारी दुपारी कॅन्टीनमध्ये त्याने नितेशला गाठलं. नितेश परब कॉम्प्युटरवरचे आकडे बघणारा तंत्रज्ञ. मालवणचा, तोंडाळ, मनाने बरा. रतनने सगळं सांगितलं. नितेशने इकडे तिकडे पाहिलं आणि वडा बशीत परत ठेवला.

"माका म्हायत हा," तो हळू आवाजात म्हणाला. "कॅमेऱ्यात बघितलंय मी तुका. तीनय दिवस."

"मग बोलला का नाहीस?"

"माका वाटला पाणी भरतस. नंतर वाटला, जाऊंदे, रतनभावच तो. आता गप रव. मॅडमांनी सही केल्यानी. तू सांगशीत तर तुझी नोकरी जायत, माझी जायत, आणि ते कुत्रे परत आत जातले. बारा नंबराक ठाण्याचा घर मिळालंय ना? मग? कशाक वाट लावतंस त्याची?"

"आणि माणसाला दिलं तर?"

"अरे, अजून धा ठिकाणी तपासतले. तू काय एकलोच हस जगात?"

 धा ठिकाणी धा रतन असले तर, असं रतनच्या मनात आलं.

गुरुवारी सकाळी त्याने चहाचा ग्लास तळव्यांत धरला, बराच वेळ. कुत्र्यांच्या खोलीत मात्र तो गेला नाही. मॅडमच्या केबिनचं दार त्याने वाजवलं. या वेळी कानात ऐकू येणारे ठोके त्याचे स्वतःचे होते.

त्याने उभ्या उभ्याच सांगितलं. मॅडमचं पेन थांबलं.

"किती वेळ होतात आत?"

"रोज दीड तास. अकरा ते साडेबारा."

त्यांनी कॉम्प्युटरवर आलेख उघडला. रेघ साडेदहाला चढू लागली होती, अकराला कापल्यासारखी खाली आली होती आणि साडेबारानंतर तिने पुन्हा डोकं वर काढलं होतं. तिन्ही दिवस तसंच. त्या बघत राहिल्या.

"मी हे नंतरचं चढणं खाण्याच्या वेळेमुळे असेल असं लिहिलं," त्या पुटपुटल्या. मग एकदम त्यांचा आवाज चढला. "अठ्ठावीस वर्षं आहात तुम्ही इथे! रोज सही करत होतात, आत कोणी नव्हतं म्हणून! कुणी सांगितलं तुम्हाला आत जायला?"

"मोठ्या सरांनी."

"ते निवृत्त होऊन सहा वर्षं झाली!"

"हो. पण त्यांनी थांब असं कधी सांगितलं नाही." रतनने आलेखाकडे पाहिलं. "तुम्ही आत जाऊ नका म्हणालात मॅडम. का जाऊ नका, ते नाही म्हणालात. ते सोमवारी त्या मुलींना सांगितलंत, तेव्हा मला कळलं."

 मॅडमनी पेनाला टोपण लावायला घेतलं, ते दोनदा चुकलं.  त्या क्षणी रतनला कळलं, की खोलीत घाबरलेली माणसं दोन आहेत.

"बसा," त्या म्हणाल्या.

मग जे व्हायचं ते झालं. अहवाल परत घेतला गेला. चौकशी झाली. रतनला लेखी ताकीद मिळाली, नितेशलाही मिळाली. नितेश आठवडाभर बोलला नाही. दीप्ती मॅडमना वरच्या मजल्यावर दोनदा बोलावलं. दुसऱ्यांदा त्या परतल्या तेव्हा त्यांचे डोळे लाल होते. चौघांचं घरी जाणं पुढे ढकललं. फेब्रुवारीच्या शेवटी मोठी मात्रा एकदाच, एकच दिवस परत द्यायची ठरलं.

"बाराचं काय होईल?" रतनने विचारलं.

"ठोके चढले आणि परत उतरले, ताल सरळ राहिला, तर जाईल घरी," मॅडम म्हणाल्या. "ताल बिघडला आणि बिघडलेलाच राहिला, तर..." त्यांनी वाक्य पुरं केलं नाही. "रतनदादा, नुसत्या शंकेवर औषध थांबवता येत नाही. आकडा लागतो."

त्या दिवशी जॅकेटं रतननेच चढवली. दुसऱ्या कुणाच्या हातून कुत्री चढवून घेत नसत. बारा नंबर वाटी तोंडात धरून आला. रतनने ती काढून बाजूला ठेवली, पट्टे आवळले, पोटाखालून बोट फिरवून कुठे काचत नाही ना ते पाहिलं. गोळी दिली. मग तो उठला. बारा नंबर त्याच्या मागे दारापर्यंत आला. रतनने मागे न बघता दार ओढून घेतलं.

"तुम्ही इथे बसा. माझ्यासमोर," मॅडम म्हणाल्या. त्यात अविश्वास होता, आणि रतनला त्याचं वाईट वाटलं नाही. त्याचा स्वतःवरही विश्वास नव्हता.

नितेशच्या स्क्रीनवर चार रेघा चालत होत्या. पशुवैद्य डॉक्टर भिंतीला टेकून उभे होते. साडेदहाला बारा नंबर अठ्ठ्याण्णव. पावणेअकराला एकशे तीस. अकराला एकशे बासष्ट. दाराआड कण्हणं सुरू झालं. आधी एक, मग तीन, मग कोणाचं कोणतं कळेना. पंजे दारावर घासू लागले.

"बारा हा तो," नितेश म्हणाला. कॅमेऱ्यात तो दाराकडे तोंड करून उभा होता. भुंकत नव्हता. नुसता दाराकडे बघत होता आणि मधूनच एक पंजा उचलून दाराला लावत होता.

एकशे ऐंशी. एकशे एक्क्याण्णव. रतन आपले दोन्ही हात मांड्यांखाली दाबून बसला.

अकरा वाजून वीस मिनिटांनी आकडा दोनशे चारवर गेला आणि तिथेच थांबला. खोलीत कोणी हललं नाही. मग रेघेत एके ठिकाणी सपाट जागा आली. छोटीशी. पुढे रेघ परत धावली.

"एक ठोका गळला," पशुवैद्य म्हणाले.

रतन उभा राहिला होता. कधी, ते त्यालाच कळलं नाही.

"बसा रतनदादा," मॅडम म्हणाल्या, अगदी हळू. "मी विनंती करते. बसा."

तो बसला. आणखी एक ठोका गळला. मग तिसरा. नितेशने तोंडावर हात ठेवला होता. "आयशप्पत," तो स्वतःशीच म्हणाला, "आणि ह्या आपण माणसाक देणार होतो."

 घड्याळात बारा वाजले, साडेबारा वाजले. दारावरचे पंजे थांबले, आणि ते न ऐकू येणं रतनला जास्त भयंकर वाटलं. त्याने स्क्रीनवरून नजर काढली नाही. रेघ चालतेय म्हणजे तो आहे, एवढंच तो मनाशी म्हणत होता. एक वाजता आकडा एकशे ऐंशी झाला. दीडला एकशे पन्नास. गळणारे ठोके थांबले.

औषध त्या दिवशीच बंद झालं. मॅडमनी तिथे बसूनच तसं लिहिलं.

अडीचला चार तास पुरे झाले. रतनने चहा मागवला, ग्लास तळव्यांत धरला, चहा तसाच ठेवला आणि आत गेला. आठ नंबर धावत आला. नऊ आणि चौदाही आले, त्याच्या पायांवर पडले. त्याने त्यांच्या कानांमागे खाजवलं.

बारा नंबर मागच्या भिंतीपाशी होता. उभा होता, धापत नव्हता. वाटी जमिनीवर उपडी पडली होती.

रतन फरशीवर बसला आणि हात पुढे केला. बारा नंबरने दोन पावलं टाकली, मान लांब करून दुरूनच वास घेतला. मग शेपटी पायात घालून, भिंतीला अंग घासत, तो पार कोपऱ्यात जाऊन बसला.

भिंतीवरच्या फोनमधून मॅडमचा आवाज आला. "रतनदादा, बाराचे ठोके हाताने मोजून सांगता का? जॅकेटच्या आकड्याशी ताडून बघायचेत."

"हात लावू देत नाही, मॅडम," रतन म्हणाला. "तुम्हीच बघा तिकडे."



"एकशे सहा आहेत," त्या म्हणाल्या. "ताल सरळ आहे. जाईल तो घरी."

"बरं आहे."

त्याने वाटी सुलटी केली, पाणी भरलं आणि ती कोपऱ्याच्या दिशेने सरकवली. आपण इथे असेपर्यंत तो पिणार नाही, हे त्याला दिसत होतं. म्हणून तो उठला आणि बाहेर येऊन त्याने दार लावून घेतलं.